मास्टरच्या दुकानात बिचारा कोणी नव्हता

राजूरच्या गणपतीच्या पायऱ्यांशी मी जोडे राखत बसलो होतो. संकष्टीची गर्दी होती. भाऊ, भावजय आणि त्यांची लेकरं वर दर्शनाला गेली होती. माझा उजवा पाय लहानपणीच्या तापात वाळून गेलेला. पायऱ्या चढायला वेळ लागतो, मागच्यांचा खोळंबा होतो, म्हणून दरवेळी मी खालीच. मिशा फुटून जुन्या झाल्या होत्या, तरी घरात मला ‘आमचं पोरगं’ म्हणत.

एक बाई आली. तिनं देवळाकडं बघून हात जोडले आणि जाताजाता माझ्या मांडीवर एक पैसा अन् गूळखोबरं ठेवलं. अंगावर धुतलेला सदरा होता, डोक्याला पागोटं होतं, घरी जमीन होती. नुसती कुबडी शेजारी पडलेली, एवढ्यावरून त्या बाईनं मला भिकारी ठरवलं होतं.

शेजारी टोप्या मांडून एक माणूस बसला होता. उंच, हडकुळा, दाढी मेंदीनं लाल केलेली, गळ्यात मोजायची पट्टी. तो ताडकन उठला, माझ्या मांडीवरचा पैसा उचलला आणि त्या बाईच्या मागं धावला.

“ओ माय, तुमचा पैसा पडला.”

“पडला न्हाई. त्या बिचाऱ्याला दिला.”

“त्यानं मागितल्ता?”

“न्हाई.”

“मंग पडलाच की.” त्यानं पैसा तिच्या हातात कोंबला. बाई बघतच राहिली. परत येऊन त्यानं गूळखोबरं स्वतःच्या तोंडात टाकलं. “ये परसाद हाय. ये वापस करता येत न्हाई.”

मग न विचारता त्यानं माझा हात धरला. बोटं मुडपून पाहिली, मनगट दाबलं, खांद्यापासून हाताला पट्टी लावली. पायरीवरचा एक म्हातारा भिकारी ओरडला, “कफनाचं माप घेऊन राह्यला का रे?”

“कफनाला माप लागत न्हाई, बाबा. कामाला लागतं,” तो म्हणाला आणि माझ्याकडं वळला. “काम करतो का?”

मला आजवर जेवलास का, दुखतं का, कुणाचा तू, एवढंच विचारलं गेलं होतं. मी गोंधळून म्हणालो, “मला पाय न्हाई.”

“मी शिंपी हाय. सदरा काय पायानं शिवतेत? हात दे म्हणून राह्यलो, हात!”

तेवढ्यात भाऊ पायऱ्या उतरून आला. झाला प्रकार ऐकून त्याचं तोंड उतरलं. “आमचं पोरगं हाय ते. त्याला काय कमी हाय घरी?”

“मिशीचं पोरगं मी पहिल्यांदा देखलं,” तो माणूस म्हणाला.

मी म्हणालो, “मी जातो.” कसं म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. भाऊ माझ्याकडं असा बघू लागला, की जणू जोड्यांचा ढीगच बोलला.

हे आमचे मास्टर. जालन्यात बाजाराकडच्या गल्लीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं. निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, घरात मराठी, बाजारात दोन्हीची खिचडी. मास्टरही तसलीच भाषा बोलत. ‘जालना सोने का पालना’ असं लोक म्हणायचे तेव्हा. मास्टर म्हणायचे, “हौ, पालना तो हय. मगर बडे आदमी कू पालने में कायकू सुलाते?”

पहिल्या दिवशी त्यांनी माझी कुबडी काखेखाली धरून बघितली आणि भडकले. “ये किसकी हय?”

“माझीच.”

“तुझी न्हाई. तुझ्या बचपनाची हाय ही. पाठ वाकडी करून चालून राह्यला कवापासून!” खरंच होतं. मी वाढलो होतो आणि कुबडी तशीच राहिली होती. घरातल्या कुणाला ते दिसलं नव्हतं, मलाही नाही. सुतार बोलावून त्यांनी नवी करून घेतली. तिला कापूस भरून खोळ मात्र मलाच शिवायला लावली. ती माझी पहिली शिलाई. वाकडी झाली म्हणून उसवून परत शिवायला लावली.

दुकानात पायमशिनी होत्या. माझ्यासाठी त्यांनी हातमशीन आणलं आणि त्याचा दांडा लांब करून घेतला. दुकानाचा उंबरा होता तो एका सकाळी स्वतः पहार घेऊन काढून टाकला. गल्लीत बोभाटा झाला. उंबरा काढणं म्हणजे घराला अवकळा. मास्टर म्हणाले, “लक्षुमीला उंबरा लागतो का? मंग ती बी जल्दी येईल.”

ते कुणालाच नावानं हाक मारत नसत. ज्याचं जे काम, ते त्याचं नाव. मी कॉलर. ज्याचा डावा हात जिनिंगच्या मशिनीत गेला होता आणि जो उजव्या हातानं इस्त्री फिरवायचा, तो इस्त्री. जन्मापासून ऐकू न येणारी एक विधवा बाई होती, ती काज करायची, म्हणून तिचं नाव काज. तिच्याशी मास्टर हातवारे करून भांडायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. धडधाकट शिंपीही होते. त्यांतला सगळ्यांत जुना तो बाही. गावात आमची नावं होती लंगडा, थोटा आणि मुकी. दुकानात ती चालत नसत. ‘बिचारा’ तर मुळीच नाही. तो शब्द तोंडातून गेला की मास्टर गिऱ्हाइकालाही दुकानाबाहेर उभं करत.

एकदा एक बडं गिऱ्हाईक आलं. आसपासच्या बऱ्याच गावांचं वतन होतं त्याच्याकडं. नवी शेरवानी अंगात घालून आरशात बघत होता. खूष होता. तेवढ्यात इस्त्रीनं येऊन शेरवानीच्या बाहीवरची चुणी एका हातानं नीट केली. त्या गृहस्थानं झटकन अंग चोरलं. “मास्टर, थोट्याचा हात लावू नका हो कपड्याला. सणाचा कपडा आहे.”

मास्टर हसले. “बराबर,” म्हणाले. मेजावरची मोठी कात्री उचलली आणि त्याच्या अंगावरच शेरवानीची डावी बाही खांद्यापासून कचाकच कापून खाली पाडली.

आमच्या मशिनी बंद पडल्या. तो गृहस्थ तर ओरडायचंही विसरला. उघड्या पडलेल्या आपल्या हाताकडं तो नुसता बघत होता.

“आता एक रोज एकाच हातानं काम करून बघा,” मास्टर म्हणाले. “मंग या. बाही लावून देतो.”

त्यापायी पोलीस मास्टरांना घेऊन गेले. संध्याकाळी सोडलं. परत आले तेव्हा हनुवटी सुजली होती. आल्याआल्या विचारलं, “इस्त्री गरम हाय का? कपडे पडलेत.” बाही लावून घ्यायला तो गृहस्थ काही आला नाही, पण मास्टरांनी तसंच नवं कापड आणून, शेरवानी पुन्हा शिवून त्याच्या घरी पाठवली. “गुस्सा माझा होता,” ते म्हणाले. “नुकसान त्याचं कशापाई?”

लोकांना वाटायचं, ह्या माणसाच्या पोटात काहीतरी जुनं दुःख असणार. कुणी म्हणे, त्याचा पांगळा मुलगा वारला. कुणी म्हणे, आई आंधळी होती. मी एकदा धीर करून विचारलं. मास्टर इतके संतापले की मला वाटलं आता कात्री येते.

“माझा पोरगा हैदराबादेत कबुतरं उडवून राह्यला, दोन्ही पायांवर! आई माझी सुईच्या नाकातून चांद बघायची! दुःख पायजे का तुला? शिवायला माणसं लागतात म्हणून माणसं ठेवली. त्याला बी कारण लागतं?”

पण आम्हाला सगळ्यांत मोठा हादरा बसला तो इस्त्रीच्या वेळी. इस्त्री गोडबोल्या होता. आधी उशिरा यायला लागला, मग दुपारी कपड्यांच्या ढिगावर झोपायला लागला. आम्ही चालवून घ्यायचो. मग कापड कमी पडू लागलं. एका बाजारच्या दिवशी मास्टरांनी दुकानातलं अस्तर दुसऱ्याच्या पथारीवर ओळखलं. विकणाऱ्यानं इस्त्रीकडं बोट दाखवलं.

मास्टरांनी त्याला भर दुकानात उभं केलं. “तू चोर हाय. जा.”

इस्त्री रडायला लागला. तुटका हात पुढं करून म्हणाला, “मास्टर, ह्याच्याकडं बघा. मी कुठं जाऊ?”

“त्याच्याकडं बघून घेतलं न्हवतं, त्याच्याकडं बघून ठेवणार बी न्हाई. जा.”

मी सुन्न झालो. ह्याला काढलं म्हणजे मलाही काढता येतं! गावात तर हलकल्लोळ झाला. ज्यांनी इस्त्रीला कधी दारात उभं केलं नव्हतं, ते व्यापारी, ते कारकून रदबदलीला आले. देवधर्म काढला, खुदाची भीती घातली. “अपंगाला रस्त्यावर काढता? काळीज हाय का न्हाई?”

मास्टर कापड बेतता बेतता म्हणाले, “तुमच्या दुकानात ठेवता का? ठेवा. मी सिफारस करतो. इस्त्री फस्क्लास करतो. चोरी बी करतो.”

सगळे पांगले. कुणी ठेवलं नाही. इस्त्री काही महिने इकडंतिकडं फिरला. मग एकदा मोंढ्यात दिसला, धान्याच्या आडतीवर पोत्यांची राखण करताना. मी थबकलो. त्यानंच हाक मारली. म्हणाला, “आडत्यानं इचारलं, मास्टरनं तुटक्या हातापायी काढलं का? मी म्हनलं न्हाई, चोरीपायी काढलं. तो लई हसला. म्हणला, मंग सुधरता येतं.” सांगताना त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका ताठ होता. मास्टरांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, “आडत्याला सांग, चावी देऊ नको.”

लढाईच्या दिवसांत हैदराबादच्या एका ठेकेदाराकडून फौजेच्या खाकी सदऱ्यांचं काम आलं. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. नवे शिंपी आले, नव्या मशिनी आल्या. ठेकेदाराचा माणूस माल तपासायला आला तेव्हा आम्ही सगळे माना खाली घालून शिवत होतो. त्यानं सदरे ओढून पाहिले, काजं ताणून पाहिली. “बहोत खूब,” म्हणत राहिला.

मग जेवणाची सुट्टी झाली आणि आम्ही उठलो. मी कुबडी काखेत घेतली. काजनं हातवारे करून माझ्याकडं पाणी मागितलं. तो माणूस दोन पावलं मागं सरला.

“ये क्या हय? फौजी का कुर्ता लंगडे सी रहे? जो पहनेगा उसका क्या होगा?”

मास्टर शांतपणे म्हणाले, “बराबर. इनों सिए सो कुर्ते निकाल देता हूं. आप छांट के देव.” आणि आमचे सदरे त्यानंच ओळखून काढावेत म्हणून तयार सदऱ्यांचा ढीग त्याच्यापुढं सरकवला.

तो माणूस ढिगाकडं बघत राहिला. एक उचलला, दुसरा उचलला. मला वाटलं, जिंकलं! आता लाजेल, हसेल, चहा घेईल.

तो लाजला नाही. सदरे खाली टाकून म्हणाला, “फर्क दिखता नहीं, मानता हूं. मगर अब मेरे कू मालूम हो गया ना.” आणि सगळं खाकी कापड गाडीत भरून घेऊन गेला. धडधाकटांनी शिवलेलंही.

मास्टरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसलेलं पाहिलं. भर दुकानात, जमिनीवर. नवे शिंपी कुजबुजायला लागले, मग उघड बोलू लागले. “यांच्यापायी आमच्या पोटावर पाय.” बाही जुना माणूस, तोही मान वळवून बसला.

मी आणि काजनं आपसांत ठरवलं. मास्टरांपुढं जाऊन मी म्हणालो, “आम्ही दोघं जातो. तुम्ही ठेका वापस आणा.”

मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल त्यांच्या. त्यांनी माझी गचांडी धरली.

“मोठेपणा दाखवून राह्यला? कॉलर शिवायला ठेवला तुला. कुर्बानी द्यायला न्हाई. बस मशिनीवर!”

“पण मशिनीवर काय शिवू? कापड कुठं हाय?”

त्यांनी गचांडी सोडली. नवे शिंपी आठवड्याभरात निघून गेले. बाही राहिला. मग मास्टरांनी बैलगाडी ठरवली, तीत मशिनी चढवल्या, आणि आम्ही आठवडी बाजार करू लागलो. आज घनसावंगी, मग मंठा. पण त्यांची एक अट होती. बाजारात पोचलं की आधी गाडीतून उतरून आम्ही सगळ्यांनी बाजारभर एक चक्कर मारायची. मी कुबडीवर, काज हातवारे करत, पुढं मास्टर ओरडत, “शिलाई! झगा, सदरा, बंडी! हेच शिवणार, बघून घ्या!”

“मास्टर, नुसतं बसून शिवू ना,” मी म्हणालो. “मंठा माझं गाव हाय. माणसं वळखतात.”

“आधी बघू दे. मंग कापड देऊ दे. मागून कळून पळणारं गिऱ्हाईक मला नक्को.”

मंठ्याच्या बाजारात ती चक्कर मारताना मला जमीन दिसत नव्हती. पोरं मागं लागली. कुणीतरी नक्कल केली. बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. आणि ज्वारीच्या ढिगांपाशी माझा भाऊ उभा होता. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो सरळ मास्टरांवर आला.

“तमाशा करून राह्यला का माझ्या भावाचा? आम्ही जेवू घालत न्हाई का त्याला?”

“घालता,” मास्टर म्हणाले. “काम देता का?”

भाऊ ज्वारीच्या ढिगांकडं वळला. मी मशिनीपाशी बसलो. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक म्हातारी फाटकी चोळी घेऊन आली, तिला ठिगळ लावून दिलं. पुढच्या बाजाराला भाऊ परत आला, काखेत कापडाची गुंडाळी घेऊन. लोकांसमोर, जरा मोठ्यानंच म्हणाला, “दादा, लेकीचं लग्न निघालंय. माझा सदरा तुम्हीच शिवा.” मला तो जन्मभर अरेतुरे करत आला होता. मी पट्टी घेतली आणि त्याच्या गळ्याचं माप घेतलं. दोघांनीही एकमेकांकडं पाहिलं नाही.

बाजार करत करत दुकान पुन्हा उभं राहिलं. मोठं नाही, पण उभं राहिलं. मास्टरांनी मला बेतायला शिकवलं. शिकवताना बोटांवर पट्टी मारायचे.

मग एका सकाळी त्यांनी बेतून दिलेलं कापड मी मशिनीवर घेतलं आणि थांबलो. कोटाचे दोन्ही पुढचे भाग एकाच बाजूचे कापले होते. मी उलटंसुलटं करून पाहिलं. महागाचं लोकरी कापड, गिऱ्हाइकानं लांबून आणलेलं. काही दिवसांपासून मास्टर खडू शोधताना मेजावर हात फिरवायचे, दारातल्या माणसाला आवाजावरून ओळखायचे. डोळ्यांत मोती उतरला होता. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं.

बाही माझ्या कानाशी आला. “गप दुसरं कापड आणून नीट करून टाक. सांगू नको. म्हातारा माणूस हाय, बिचा...” शब्द अर्धाच राहिला. त्याचा त्यालाच धक्का बसला असावा, कारण तो खाली बघत परत जागेवर गेला.

मी कापड घेऊन मास्टरांपुढं उभा राहिलो. “मास्टर, हे तुम्ही चुकीचं कापलं. दोन्ही डावे हायत.”

त्यांनी कापड घेतलं, कडांवरून बोटं फिरवली, एकावर एक ठेवलं. मला वाटलं आता आभाळ कोसळतं. त्यांनी कापडाची घडी घातली.

“कात्री आता मला द्या,” मी म्हणालो. “उद्यापासून तुम्ही बटनं लावा.”

काजनं ऐकलं नव्हतं, पण पाहिलं होतं. तिनं तोंडावर हात ठेवला. मास्टरांनी कात्री मेजावर ठेवली, टोपी घातली आणि भिंतीला हात लावत निघून गेले. बाही म्हणाला, “संपलं. आता हा माणूस परत यायचा न्हाई. तू मारलंस त्याला.” मलाही तसंच वाटलं. दिवसभर मी एक टाका नीट घालू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा ते दारात उभे होते. आत आले, काजच्या शेजारी बसकूर ओढलं आणि म्हणाले, “सुई ओवून द्या. मला तिचं नाक दिसत न्हाई.” काजला तोंडावरून कळलं का हातावरून, कोण जाणे. तिनं सुई ओवून दिली.

दुपारपर्यंत त्यांनी सदऱ्याला बटनं लावली. मी ती तपासायला घेतली. वरची ठीक होती. शेवटचं वाकडं बसलं होतं, काजाच्या रेषेपासून बाजूला. मी ते हातात धरून बसलो. सोडून द्यावं असं मनात आलं, एका बटनानं काय होतं. काज माझ्याकडं बघत होती. बाहीही बघत होता.

मी कात्रीनं दोरा कापला आणि बटन त्यांच्या तळहातावर ठेवलं. “मास्टर, परत लावा.”

सगळ्या मशिनी थांबल्या. मास्टरांनी सदऱ्यावरच्या कापलेल्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

“हौ,” ते म्हणाले. “वाकडंच होतं.”

आणि सुई ओवायला काजच्या पुढं धरली.